शाळेत नेलेली पुराची पिशवी

ये, अशी जवळ बस. सहा महिन्यांत एक फोन नाही तुझा, बोलायचंच नव्हतं मला! पण पोटात राहत नाही म्हणून सांगते. पुरातून जीव वाचवायला मी जी पिशवी भरली होती, ती चार माणसांना उचलत नव्हती.

त्याचं असं झालं, आमच्या पुणतांब्यात तालुक्याहून एक ताई आल्या. म्हणाल्या, गोदावरीकाठी राहता, तर प्रत्येक घरात एक पिशवी तयार ठेवा. बॅटरी, कागदपत्रं, औषधं, बिस्किटं. भोंगा वाजला की एका हातात उचलून वर शाळेत पळता आलं पाहिजे. मला तर फार कुतूहल वाटलं. (सत्तर वर्षं नदीकाठी काढली, पळायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं!) त्याच संध्याकाळी पिशवी भरली. सगळ्यात वर यांच्या बीपीच्या गोळ्या. गोळी चुकली की यांना गरगरतं. मागे एकदा अंगणात आडवेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका पिशवी बघायला आल्या. मग मीही काय केलं, लग्नात रुखवत मांडतात तसं सगळं कॉटवर मांडलं!

शेजारची कमल नाक मुरडून म्हणाली, "एवढंच? अवो काकू, वर शाळेत अख्खं गाव बघनार. लोकं काय म्हनतील?"

झालं! लोणच्याची बरणी आली. चिवड्याचा डबा आला. पापड आले, कडक बुंदीचे लाडू आले, भारीतलं लुगडं आलं. शेवटी मी पुरणयंत्र ठेवलं, तेव्हा आमची सून रोहिणी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, पुरात पुरणयंत्र?"

"आणि पोळ्यापर्यंत पाणी उतरलं नाही तर? बैलांना काय बिस्किटं चारायची?"

पुरणयंत्राला जागा हवी म्हणून गोळ्यांची पुडी तेवढी काढून फ्रिजवर ठेवली. तात्पुरती हं!

आठवड्यातच ऐन दुपारी भोंगा वाजला. धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी शाळेत जावं! हे, रोहिणी, कमल आणि मी, चौघं पिशवीला भिडलो. जागची हलेना.

"निम्मं काढ की!" हे ओरडले.

"रुखवत निम्मं नेतात का कुठं?"

शेवटी ट्रॅक्टर दारात आणला, फळी लावली आणि पिशवी ढकलत चढवली. आम्ही शाळेत पोचतोय तोवर मागे गल्लीत पाणी शिरलं.

यांच्या गोळीची वेळ झाली. मी पिशवी उघडली. लोणचं निघालं, लाडू निघाले, पुरणयंत्र निघालं... गोळ्या? फ्रिजवर! रोहिणी परत निघाली, तर कमलनं तिचा हात धरला. "येडी का काय? गुडघाभर पानी हाय तिथं!"

मला रडूच फुटलं. हे बाकावर बसून पुरणयंत्राची दांडी फिरवून बघत होते.

"काय झालं गं?"

"तुमच्या गोळ्या राहिल्या घरी!"

"त्या व्हय?" म्हणत यांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली. "फ्रिजवर दिसल्या. म्हटलं, हिच्या पिशवीत पुरणयंत्राला जागा हाय, आपल्याला न्हाई. आपलं आपन बघावं."

सगळी शाळा हसली. मी लुगड्याचा पदर तोंडाला लावला. लाज वाटली म्हणून नव्हे, तर तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं होतं, की कवळी घरी खिडकीतल्या पेल्यात राहिली!

पाणी आमच्या ओट्याला लागून परत फिरलं, पण दोन दिवस शाळेतच काढले. अख्ख्या गावानं माझा चिवडा, पापड आणि कडक लाडू कुडुमकुडुम खाल्ले. "काकू, तयारी करावी तर तुमीच!" असं जो तो म्हणायचा. आणि काकू कोपऱ्यात चहात बिस्किट भिजवून गिळत होत्या.

आता परत लवकर ये गं. तेव्हाही असंच दातांसकट हसून स्वागत करीन!