जावळ तळ्यात की नदीत?

लेकीचं जावळ काढलं आणि घरात दोन पक्ष पडले. केस पाण्यात सोडायचे हे ठरलेलं. कुठल्या पाण्यात, यावर मात्र आमचं तळं-नदीचं लग्नापासूनचं भांडण. मी आष्टीकडचा, तळ्यात पोहायला शिकलेला. जागा सोडून पळणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास नाही. बायको सुरेखा गेवराई तालुक्यातली, गोदाकाठची; तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या मते साचलेलं पाणी म्हशींसाठी असतं. दुष्काळाच्या बातम्या दोघांनीही वाचल्या होत्या, पण आपलं पाणी आटलं असेल असं कुणालाच वाटत नव्हतं. केसांचा डबा, लेक आणि भांडण गाडीत घालून पुण्याहून निघालो.

आधी माझं तळं. नगरपासून रस्ता बरा; कड्याच्या अलीकडं धाब्यावर पिठलं-भाकरी आणि ठेचा, स्वस्त आणि जबर. तळं मात्र डबक्याएवढं उरलेलं. काठावर मच्छीमार सोसायटीचा फलक, बाभळीखाली चेअरमन आणि मंडळी. पाण्यापेक्षा संचालक मंडळ मोठं होतं.

मी डबा काढताच चेअरमन उठले. "केस टाकू नका बरं. मासे आधीच तोंड वर काढून दम घ्यायलेत."

"कावून? चिमूटभर तर हायेत."

"समदे चिमूटभरच आणत्यात!"

सुरेखा पुढं बीडपर्यंत गाणी गुणगुणत होती.

गेवराईपर्यंत हायवे मस्त, आतला रस्ता हाडं खिळखिळी करणारा. सासुरवाडीत सगळे म्हणाले, नदीवर काय बघायचंय? सुरेखा ऐकते कसली! सकाळी गेलो तर नुसती वाळू. वाळूत उकरलेल्या झिऱ्याभोवती बायका बसलेल्या, झिरपलेलं पाणी वाटीनं घागरीत भरत होत्या.

"काय हाय गं त्यात?" एका म्हातारीनं विचारलं.

"लेकीचं जावळ. गंगेत सोडायचंय."

"सोड की. पण गंगा हाय कुटं? झिऱ्यात नको बाई, हेच पितो आमी." आणि घागर भरायच्या आधी तिनं आमच्या लेकीला वाटीभर पाणी पाजलं.

सुरेखा रडायला लागली. तयार ठेवलेला टोमणा मी गिळला. फार वाईट वाटलं. याच नदीत ती पोहायला शिकली, आणि लेकीला दाखवायला तिच्याकडं वाळू होती.

उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी घरून न्या, काठावर कुणाकडं मागू नका.

पुण्यात पोचलो तोच आईचा फोन. "सोडलं का रे जावळ आपल्या तळ्यात?"

"न्हाई. गंगा आली की सोडू."

सुरेखानं भाकरी थापता थापता वळून पाहिलं. "तळ्याला आधी पाणी आलं तर?"

"तरी."