शालिकराम माळ्याचं हिम

तिकडे अमेरिकेत गोरे आपापसांत लढायला लागले आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. वलगावात पैसा वाहू लागला आणि त्याच वेगाने अक्कल आटू लागली. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, त्याने बैलांना मखमलीच्या झुली शिवल्या. मी गावच्या शाळेचा पंतोजी. माझ्या घरी पैसा आला नाही आणि अक्कलही होती तेवढीच राहिली.

शालिकराम माळ्याकडेही पैसा आला नाही. नाल्याकाठी त्याची वांग्या-मिरच्यांची आणि झेंडूची बाग होती. सगळ्या गावाने कापूस पेरला तेव्हा त्यालाही मोह झाला होता, पण त्याच्या बायकोने, सत्यवतीने, "कापूस शिजवून खाता येते काय?" असं विचारून विषय संपवला. रोज सकाळी खांद्यावर कावड घेऊन तो तीन कोस चालत उमरावतीच्या बाजारात जायचा आणि दुपारी रिकामी कावड घेऊन परत यायचा. त्याचा खांदा एखाद्या बैलासारखा झाला होता.

पण मान विचाराल तर गावात त्याच्यासारखा मान पाटलालाही नव्हता. कारण शालिकराम बद्रीनारायण करून आला होता. तेवीस वर्षांपूर्वी यात्रेकरूंच्या एका जथ्याबरोबर तो गेला आणि सव्वा वर्षाने जटा वाढवून परतला. झोळीत एक गुळगुळीत गोटा होता आणि खरबुजाचं बी. गोटा पाटलाच्या देवघरात गेला, बी बागेत. ती खरबुजं पुढे दर उन्हाळ्यात बद्रीचा प्रसाद म्हणून गावात वाटली जात. जिथे बर्फ पडतं तिथे खरबूज कसं पिकतं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. खरबुजं फार गोड होती.

लग्नात त्याला पहिला पाट, जेवणात पहिलं ताट. त्याच्या तोंडून हिमाचं वर्णन ऐकायला वलगावाबाहेरूनही माणसं येत. हिम म्हणजे महादेवाचं अंथरूण, त्याच्यावर पायात जोडा घालून चालायचं नाही, चाललं तर पाय गळून पडतो. हिम डोक्यात चढलं की माणूस बरळायला लागतो. त्या वेळी तो काय बोलेल त्यातला एक शब्दही खरा धरायचा नाही. असे पुष्कळ नियम होते. सगळे आम्हाला पाठ होते.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. मला ती नंतर कळली, पण तुम्हाला ताटकळत ठेवण्यात मला काही सुख नाही. शालिकराम बद्रीला गेलाच नव्हता. हिम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

खोटं पुढेही सुखाने चाललं असतं, पण कापसाचा पैसा आडवा आला. आमचे पाटील खुशालराव म्हणजे शालिकरामचे बालमित्र. दोघं एका आखाड्यात कुस्ती खेळले, एका ताटात जेवले. शालिकराम बद्रीकर होऊन आल्यावर मात्र पाटील त्याला "शालिकबुवा, तुमी" म्हणू लागले आणि एका ताटातलं जेवण बंद झालं. तर त्या वर्षी पौषात, कापूस विकून मोकळे झालेले पाटील भर पारावर म्हणाले, "पैसा आला आहे तवा देवाचे पाय पाहून घ्यावं म्हंतो. शालिकबुवा, यंदा तुमी मले बद्रीले घेऊन चाला."

शालिकरामचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, त्याला भक्तीने भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत येऊन बसला. "पंतोजी, पाटलाले बद्री झेपनार नाई. पहिले गाविलगड चढवून पाहू. दम लागला, की आपोआप घरी बसते."

मला त्याची काळजी रास्त वाटली. आता कळतं की काळजी स्वतःची होती. पाटील बद्रीला निघाले तर वाटेत पहिला खरा बद्रीकर भेटताच तो उघडा पडणार होता. गाविलगडाने पाटलांना एकदा नीट दमवलं की त्याची अब्रू वाचणार होती.

तर आम्ही चौघं निघालो. पाटील, शालिकराम, मी आणि पाटलांचा मेहुणा देवीदास. देवीदासबद्दल एवढंच सांगतो की वाटेत खायच्या रोडग्यांचं गाठोडं त्याच्याकडे दिलं होतं आणि ती चूक होती. पाटलांनी डोंगरासाठी खास बंडी शिवून घेतली होती, आत घरचा पाच शेर कापूस भरून. ती घातल्यावर त्यांचे हात खाली येईनात. इलिचपुरापुढे डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडली आणि शालिकरामने आम्हाला सगळ्यांत वाईट वाटेने वर नेलं. दरडी, काटे, निसरडे दगड, काही सोडलं नाही. अर्ध्या वाटेवर देवीदास आडवा झाला. माझे गुडघे रामराम म्हणू लागले. खुद्द शालिकरामच्या पोटरीत काटा मोडला.

आणि पाटील? हात आडवे पसरून, "हर हर महादेव" करत ते पोरासारखे चढत होते. "बुवा, बद्रीची वाट याच्याहून कठीन असते काय?"

"लय कठीन," शालिकराम कळवळून म्हणाला.

"मंग तर मजाच आहे!"

दुपारी आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा शालिकरामचं तोंड पार उतरलं होतं. तेवढ्यात उत्तरेकडून आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि ताडताड गारा पडू लागल्या. एका कपारीखाली आम्ही चौघं अंग चोरून बसलो. पाटलांची बंडी काही कपारीत मावेना, तेव्हा अर्धे पाटील बाहेर राहिले आणि बंडीतला पाच शेर कापूस निथळू लागला. घटकाभर नुसता मारा चालला होता. मग एकदम थांबला.

बाहेर येऊन पाहतो तो सगळा माथा पांढरा. गवत नाही, दगड नाही, वाट नाही. खोलगट जागी तर घोटाभर थर. तिघांनीही शालिकरामकडे पाहिलं.

"शालिकबुवा," पाटलांचा आवाज कापत होता, "बद्रीले असंच असते काय?"

शालिकरामने पायाने एक गार उगाच ढकलली. "हो... असंच. जरासं असंच."

"जरासं म्हंजे?" देवीदास म्हणाला.

"तठी मोठं असते."

मी एक गार उचलून तोंडात टाकली. "पाटील, या गारा आहेत. मागच्या साली आपल्या तुरीवर पडल्या होत्या त्याच."

"पंतोजी, तुमी पुस्तकात वाचलं. यायनं डोयानं पाह्यलं आहे," पाटील म्हणाले आणि त्या गारांत त्यांनी साष्टांग दंडवत घातला. बंडीमुळे त्यांना उठवायला तिघं लागलो. उठल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पायांतले नवे जोडे काढून माझ्या हातात देण्याचं.

"महादेवाचं आंथरून हाय. जोडा नाई चालत."

आता मला रागच आला. पण मी बोलायच्या आत ते चालू लागले होते. शालिकराम त्यांच्या मागे "पाटील, जोडे घाला, थोडं चालते," असं पुटपुटत होता. पाटील मागे वळून प्रेमाने म्हणाले, "बुवा, तुमी माह्यासाठी नेम मोडू नोका."

पाव कोस गेल्यावर ते लटपटले. पुढच्या टेकाडाशी मटकन खाली बसले. ओली बंडी अंगाला चिकटलेली, ओठ काळेनिळे, आणि चेहऱ्यावर हसू.

"पाय जमिनीले लागूनच नाई राहिले," ते म्हणाले. "देवानं घेतले वाटते."

मी पाय हातात घेतले. दगडासारखे गार होते आणि बोटं निळी पडली होती. मी चिमटा काढला, त्यांना कळला नाही. जोडे चढवायला गेलो तर त्यांनी पाय झाडले. "काय करता पंतोजी? पाय गयून पडतीन ना!"

शालिकराम माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी मला सगळं उमगलं. तो पांढराफटक पडला होता. गप्प राहिला असता तर अब्रू शाबूत होती. पाटलांचे पाय गेले असते तरी गावाने महादेवाची मर्जी म्हटलं असतं.

त्याने डोक्याचं पागोटं काढून खाली टाकलं आणि ओरडला, "पाटील, जोडे घाला! म्या खोटं सांगतलं! मी बद्रीले गेलोच नाई!"

आणि तो एका दमात बोलतच सुटला.

"होशंगाबादले हगवन लागली. जथ्था मले टाकून पुढं गेला. तठीच एका माळ्याच्या वाडीत राह्यलो. नर्मदेच्या रेतीत खरबुजं लावली. तो गोटाबी नर्मदेतला. परत येनाऱ्या यात्रेकरूयनं जे सांगतलं ते ऐकलं, बाकी माह्या मनचं. लवकर परत आलो असतो तं लोक हासले असते, म्हून सव्वा वर्ष तठीच राह्यलो. हिम मी आजपर्यंत पाह्यलं नाई, आन् हेबी हिम नाई. गारा हायेत, पाटील! पाया पडतो, जोडे घाला!"

देवीदासने डोळे मोठे केले. मग हळूच माझ्या कानाशी लागला. "हिम डोक्यात चढलं त्यायच्या. बरळून राहिले. एक शब्द खरा धरू नोका."

"अबे बह्याडा, तो नेमबी मीच बनवला!" शालिकराम रडकुंडीला आला.

"पाहा, कसं बरळून राहिले," देवीदास म्हणाला.

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पोरांना शिकवलं आहे, पण त्या दिवशी मला देवीदासला छडीने फोडून काढावंसं वाटलं. पाटील नुसते शालिकरामकडे बघत होते. काही कळलं की नाही, त्यांच्या तोंडावरून समजेना.

शालिकरामने मग वाद घातला नाही. खाली बसून त्याने पाटलांचे दोन्ही पाय स्वतःच्या अंगरख्याखाली पोटाशी धरले. गारठ्याने त्याच्या तोंडून किंकाळी फुटली, पण पाय सोडले नाहीत. थोड्या वेळाने कापसाची ओली बंडी त्याने टराटरा फाडून पाटलांच्या अंगावेगळी केली, आपलं घोंगडं त्यांना गुंडाळलं आणि त्यांना पाठीवर घेतलं. खुशालराव काही हलके नव्हते. कापसाच्या भावाबरोबर तेही वाढले होते. तरी शालिकराम उतारावरून असा निघाला की मोकळ्या पाठीने आम्ही दोघं मागे पडलो. मी जोडे घेऊन धावत होतो. देवीदास रोडग्यांचं गाठोडं घेऊन, तेही बरंच हलकं झालेलं.

खाली अर्ध्या कोसावर डोंगरातल्या कोरकू लोकांची वस्ती होती. तिथल्या एका म्हाताऱ्याने काही न विचारता शेकोटीपाशी जागा केली आणि पाटलांच्या पायांना कोमट पाणी लावून मोहाचं तेल चोळायला घेतलं. बऱ्याच वेळाने पाटील "ओय ओय" करून बोंबलले. तो आवाज ऐकून शालिकराम भिंतीला टेकून हमसाहमशी रडला.

"कशानं झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हिम पडलं," देवीदास म्हणाला.

म्हातारा हसला. "गारा पडल्या. दोन-तीन वर्षांनी पडतात. गारांत जोडे काढून कोण चालतं?"

मी पाटलांचे जोडे हळूच पाठीमागे सरकवले.

वलगावात आमच्या आधी देवीदासची कहाणी पोचली. बद्रीकर गाविलगडावर गेले आणि महादेवाने त्यांच्यासाठी वऱ्हाडात हिम पाडलं! शालिकरामच्या बागेपुढे बाया हळदकुंकू घेऊन उभ्या राहू लागल्या. त्याने प्रत्येकीला खरं सांगितलं. प्रत्येकीने हात जोडून म्हटलं, "किती लीन मानूस हाय."  सत्यवतीने मात्र त्या साली खरबुजाचं बी पेरलं नाही.

पाटील पंधरा दिवस अंथरुणात होते. पायांची कातडी गेली, बोटं राहिली. शालिकराम एकदाही त्यांना भेटायला गेला नाही. "काय तोंड दाखवू?" म्हणायचा आणि वांग्यांना पाणी घालत बसायचा. त्याला हा मान आता खायला उठला होता. गावाने खरं मानलं नाही याचं त्याला दुःख नव्हतं. खुशालरावांनी मानलं असेल, याची धास्ती होती.

सोळाव्या दिवशी मी वांगी घ्यायला बागेत गेलो होतो. तेव्हा काठी टेकत, पायांना फडकी गुंडाळलेले पाटील बांधावरून आले. शालिकराम जागच्या जागी थिजला. पाटील बांधावर बसले आणि त्यांनी घाम पुसला.

"म्या तुमाले फसवलं, पाटील," शालिकराम म्हणाला. "तेवीस वर्षं. मानासाठी. आन् मान भेटला तं दोस्त गेला."

"फसवलं खरं," पाटील म्हणाले. "लय राग आला होता लेका तुहा. पडल्यापडल्या शिव्या देत होतो. मंग वाटलं, गप राह्यला असता तं याचं काय गेलं असतं? माहे पाय गेले असते, याचं काईच गेलं नसतं."

शालिकराम डोळे पुसू लागला. मीही उगाच एक वांगं निरखून पाहिलं.

"रडणं पुरे कर," पाटील काठी आपटून म्हणाले. "शिमगा झाला की निघू."

"कोठी?"

"बद्रीले."

शालिकराम घाबरून उभाच राहिला. "पाटील, मले वाट ठाऊक नाई हो!"

"होशंगाबादपर्यंत तं ठाऊक हाय ना?" खुशालराव म्हणाले. "तठून पुढं दोघं मियून इचारत जाऊ."