टोकावड्याच्या एका रॉक गाण्यावर माझं मत

मे महिन्यातल्या एका सकाळी मी शहापूरहून टोकावड्याला गेले होते. २००३-०४च्या आसपासची गोष्ट. काम म्हटलं तर छोटंसं... सुनीलच्या आईला त्याचं एक गाणं वाचून दाखवायचं.

सुनील आमच्या कॉलेजातला. गिटार वाजवायचा, गाणी स्वतः लिहायचा, तीही घरच्या बोलीत. चौघांच्या रॉक बँडबरोबर गॅदरिंगपासून नवरात्रीच्या स्टेजपर्यंत मिळेल तिथे घसा फोडून गायचा. त्याआधीच्या हिवाळ्यात त्याला कावीळ झाली... आणि बघता बघता गेला.

बँडच्या पोरांनी शहापुरात त्याच्या आठवणीत कार्यक्रम ठरवला. त्यात त्याचं एकच गाणं घ्यायचं होतं. ते निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी एका साप्ताहिकात गाण्यांवर लिहायचे आणि फटकळ म्हणून प्रसिद्ध होते.

खरं सांगायचं तर त्याची निम्मी गाणी मला आवडत नव्हती. यमक जुळावं म्हणून शब्दांना कान धरून आणलेलं. गेलेल्या मित्राची गाणी आवडू नयेत, याचंही फार वाईट वाटत होतं...

एक गाणं मात्र अस्सल होतं. प्रत्येक ओळ म्हणजे हुकूम. राग हा शब्द कुठेच नाही, तरी ऐकताना कान तापायचे. मला ते बंडाचं गाणं वाटायचं. खोट एकच... तीन ओळी झाल्या की चौथीच्या जागी शब्दच नाहीत, नुसती गिटार. काही सुचलं नसेल म्हणून सोडून दिलं, असं माझं ठाम मत.

कार्यक्रमात घेण्याआधी ते त्याच्या आईला ऐकवावं म्हणून मी गेले, तेव्हा काकी शेतावर राब रचत होत्या. भाताचं बी पेरायच्या आधी टहाळ, गवत, शेण पसरून जमीन भाजतात ना, तो राब. मला बघून त्यांनी हात पुसले आणि बसायच्या आधीच विचारलं,

"त्याचा गाना चांगला व्हता का गो? खरा सांग. आमाला नुसता गलका ऐकू यायचा, शब्द कदी कललाच नाय. मी लय बोलले त्याला त्याच्यावरून."

"वाचून दाखवते, काकी," मी म्हटलं. आणि त्या तीन ओळी वाचल्या... गिटार नाही, ड्रम नाही.

वारा पडू दे, मंग पेटव.
खालच्या अंगानं लाव.
माती टाक, धूर कोंडू दे.

काकी म्हणाल्या, "यो तर माझाच बोलना हाय. दर साली राबावर मी त्याला हेच सांगं." मग त्यांनी विचारलं, "पुढचा नाय घातला त्यानं?"

"पुढचं काय?"

"नि तू लांब र्‍हा, बाला. पोलशील."

राब मी लहानपणापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत आले होते. पण स्टेजवर ड्रमच्या आवाजात तो एकदाही डोक्यात आला नाही. जिथे त्याला शब्द सुचले नाहीत असं मी म्हणत होते, तिथे ‘बाळा, पोळशील’ म्हणणारी त्याच्या आईची माया होती. ती त्याने माइकवर म्हटली नाही. लाजला असेल, की तेवढं स्वतःपाशीच ठेवायचं असेल... विचारायला तो कुठे होता?

"चांगलं आहे, काकी," मी म्हटलं. "फार चांगलं आहे."

काकी तिथेच बांधावर बसल्या. "मला वाटं, माझा बोलना त्याच्या कानाव जातच नाय," त्या म्हणाल्या. "ऐकत व्हता मंग..."

आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. मीही.

कार्यक्रमात पोरांनी तेच गाणं वाजवलं. चौथ्या ओळीच्या जागी शब्द घालूया का, असं त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं. पुढे गाण्यांवर पुष्कळ लिहिलं, पण कुणाच्या गाण्याबद्दल इतकं नीट मत मला पुन्हा देता आलं नाही... आणि ज्याला ते सांगायला हवं होतं, त्याला ते सांगता आलं नाही.