टाकीवरचा ठोका

थिनरचा वास आला की तळोद्याची आमची पत्र्याची शेड आठवते आणि तेव्हाचा राग तसाच वर येतो. म्हसावदच्या एका केळीबागायतदाराने आपल्या वडिलांची जुनी मोटरसायकल नवी करायला आणली होती. नवा कार्ब्युरेटर, पुढचा डिस्क ब्रेक, इंजिनाचं सगळं काम माझ्या मोठ्या भावाचं. पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली होती, ती नव्याने घडवली मात्र मी. सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून महिनाभर ठोकत होते. मनगट सुजलं, तरी गोलाई जमेपर्यंत थांबले नाही. गाडी न्यायला आलेला बागायतदार टाकीवरून हात फिरवत म्हणाला, "हाई टाकी कोनी बनाई?" मी चहा घेऊन तिथेच उभी होते. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "मीच बनाई." मी चहा खाली ठेवला, हातोडी उचलली आणि टाकीवर एकच ठोका घातला. ताज्या रंगाचे टवके उडाले. "आते हाऊ पोचा तूच काढी दाखाड, भाऊ," मी म्हटलं. पोचा शेवटी मीच काढला. तीन दिवस लागले, आणि तिन्ही दिवस बागायतदार समोर स्टुलावर बसून माझे हात बघत होता. आता माझी वेगळी शेड आहे. भावाची माफी माग, असं आई अजून म्हणते. त्या ठोक्याचं मला वाईट वाटतं, पण ते टाकीसाठी, भावासाठी नाही.