अजून पाव फेरा

माझ्या गाडीचं वय विचारू नका. नव्या मेकॅनिकला बॉनेट उघडून दाखवलं की तो आधी फोटो काढतो. तिचा मूळचा कार्ब्युरेटर झिजून गेला आणि तसला आता मिळत नाही. मग दुसऱ्याच बनावटीचा मागवला, आणि तो बसावा म्हणून त्याच्या जोडीचा मॅनिफोल्डही, म्हणजे कार्ब्युरेटरमधून इंजिनात पेट्रोल-हवा नेणाऱ्या नळ्या. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन दिवस मी सांध्यावर चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडत बसलो होतो. बायको म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तो गाडीलाच बसवून टाकू का, म्हणजे तरी बघाल.

गाडी सुरू झाली, पण धडधडत. पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू कानाने लावायचा असतो. पाव-पाव फेरा फिरवायचा, आवाज एकसारखा झाला की थांबायचं. इथेच घोडं पेंड खातं. माझे कान गेलेत, आणि कानाचं मशीन लावलं की नुसता कल्ला. तसे या कामाला कान माझे कधी नव्हतेच, लेकीचे होते. कॉलेजात असल्यापासून ती स्टिअरिंगमागे डोळे मिटून बसायची आणि सांगायची, अजून पाव फेरा, हं, बस. तिचं कधी चुकलं नाही. चार वर्षं झाली, ती कॅनडात आहे, एकदाही आलेली नाही. मला तिची भयंकर आठवण येते. फोनवर मात्र आम्ही हवापाण्याचं बोलतो.

त्या संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल लावला; फोनवरचा आवाज थेट कानाच्या मशीनमध्ये येतो. फोन इंजिनापाशी धरला, स्क्रू फिरवला, ओरडून विचारलं, आता कसा येतोय आवाज? ती म्हणाली, आधी गाडी चालू तर कर. अगं, चालूच आहे केव्हाची, मी म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं. हे फोन माणसाचा आवाज ठेवतात आणि बाकी सगळं गोंगाट म्हणून गाळून टाकतात.

"बाबा, गाडी नाही रे येत ऐकू. फक्त तू येतोयस," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. मी इंजिन बंद केलं. डोळे पुसून ती म्हणाली, "राहू दे तसंच. डिसेंबरात येते, तेव्हा लावू."

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, काका, दोन मिनिटांचं काम आहे. त्याला म्हटलं, आपण आपलं बघावं. गाडी धडधडते, पेट्रोल ढोसते, शेजारी कुरकुरतात.

डिसेंबरात तिला रजा मिळाली नाही. स्क्रूला मी अजून कुणाला हात लावू दिलेला नाही.