देवरावच्या जीपचं झाकण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको तेव्हा नव्हती, आधीच वारली होती. ती असती तर हे घडलंच नसतं, असं कधीकधी वाटतं — पण ते जाऊ द्या, तिच्या नावावर कशाला ढकलू? नमाजानंतर दुआ मागताना दोन-तीनदा ओठांपर्यंत आलं, आणि मी दुसरंच काहीतरी मागून उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं.

पांढरकवड्याला, हमरस्त्यापासून थोडं आत माझं गॅरेज आहे. मी बोलतोय ती कापसाने सगळ्यांचं कंबरडं मोडलं त्या वर्षांची गोष्ट. जिनिंगकडे येणारे ट्रक कमी झाले, तसे ड्रायव्हरही कमी झाले. पूर्वी हंगामात माझ्या बाकड्यावर बसायला जागा नसायची. गप्पा, शिव्या, चहा, सगळं चालायचं. मग असे दिवस आले की दुपारी मी पाने-पकडी पुसायचो आणि पुन्हा त्याच खिळ्यांना लटकवायचो. मुलगी आदिलाबादला दिलेली. घरी जायची घाई करावी, तर घरी कोण होतं?

अशात देवराव आला. लिलावात घेतलेली जुनी जीप होती त्याची. जंगलातल्या पोडांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, कापूस वेचणाऱ्या बाया शेतात न्यायच्या, संध्याकाळी परत सोडायच्या, हा त्याचा धंदा. रस्ता म्हणजे नाले आणि दगड. चारही चाकांना जोर लावल्याशिवाय चढ चढता येत नसे. आणि नेमकी चढावरच जीप तापायची.

पहिल्यांदा मी इमानाने तपासलं. हे मुद्दाम सांगतोय — मला येत नव्हतं म्हणून झालं असं तुम्हाला वाटू नये. ऑइलची कांडी काढून पाहिली, ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. थंड इंजन चालू करून रेडिएटरच्या तोंडात पाहिलं, बुडबुडे नव्हते. म्हणजे हेड गॅस्केट, इंजनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग, शाबूत. पट्टा ताठ, पंप ठीक. रेडिएटरच्या जाळीत मात्र कुसळं आणि कापसाचे तंतू गच्च बसले होते. मागून पाण्याची धार मारून सगळं काढलं.

पण तपासायच्या आधी इंजन निवावं लागतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही. पाऊण तास तरी बसावंच लागतं. तो पाऊण तास देवराव माझ्या बाकड्यावर बसला आणि बोलत राहिला. त्याच्या गावचं, बैलाचं, जीपमध्ये गाणी म्हणणाऱ्या बायांचं. माझ्या चहाला ग्रीसचा वास येतो म्हणून त्याने मला चिडवलं. मी मोठ्याने हसलो — आणि आपलाच आवाज ऐकून जरा दचकलो.

आठवड्याने जीप पुन्हा तापून आली. त्या दिवशी मला खरं कारण सापडलं. झाकण. आतलं रबर कडक झालेलं, स्प्रिंगमध्ये जीव नाही. दाब धरत नाही, म्हणून पाणी लवकर उकळतं आणि खालच्या नळीतून गुपचूप निघून जातं. एवढंच. नवं झाकण माझ्या मागच्या फळीवर पडलेलं होतं. मी ते हातातही घेतलं. तेवढ्यात देवराव बाकड्यावरून हसत म्हणाला, "गाडी बिघडते म्हून तं तुमच्याकडं बसणं होते, मिस्त्री. नाईतं मले कुठं सवड?"

गंमतीत म्हणाला तो. मी झाकण परत फळीवर ठेवलं.

पुढे काय काय केलं म्हणून सांगू? कधी पाइप बदलला, कधी रेडिएटर धुतला, कधी नुसताच पट्टा चाचपून ताठ केला. मजुरी घेतली नाही. देवराव गावभर सांगायचा की मिस्त्री फार नेक माणूस आहे. आणि मी त्याला दर वेळी बजावायचो — गरम असताना झाकण उघडायचं नाही, सरळ माझ्याकडे आणायची. ते त्याच्या जिवासाठी होतं की माझ्या बाकड्यासाठी? दोन्ही होतं. हंगाम संपला की बदलून टाकू, असं मी स्वतःला समजावत होतो.

हंगाम संपायच्या आत, भर उन्हात, नाल्यापलीकडच्या चढावर जीप उकळली. मागे बाया, एकीच्या मांडीवर तान्हं लेकरू, तापाने फणफणलेलं. दवाखान्यात न्यायची घाई. देवरावने खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळून झाकण उघडलं. उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर उसळलं. लेकराला नंतर उतार पडला, असं मला कळलं. देवरावची बोटं मात्र पुन्हा नीट मिटली नाहीत. तशा हाताने त्या रस्त्यावर स्टेअरिंग कसं धरणार?

जीप विकल्यावर तो सांगायला आला. नागपूरला भावाकडे चालला होता, कुठंतरी चौकीदारी मिळणार होती. बाकड्यावर बसला. चहाचा ग्लास डाव्या हातात धरला. माझ्या मागे फळी होती आणि फळीवर ते झाकण. आता सांगतो, आता सांगतो, असं माझं चाललं होतं. तोच म्हणाला, "तुमी किती डाव सांगतलं होतं मले, गरम असतानी उघडू नको म्हून. मीच आयकलं नाई. तुमचा काई दोष नाई, मिस्त्री."

आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, "हो ना. कायले उघडलं तू?"

त्याने मान खाली घातली. माझ्यापुढे. चहा संपवला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

नव्या मालकाने जीप माझ्याकडेच आणली. मी फळीवरचं झाकण काढून बसवलं. त्याचा चहा निवायच्या आत काम झालं.

ती जीप अजून धावते. रोज सकाळी माझ्या गॅरेजवरून जाते, संध्याकाळी परत येते. तापत नाही, त्यामुळे थांबत नाही.