तात्यांचं 'नको'

चुलीवरच्या बाजरीच्या भाकरीचा वास आला, की मला अजून गोंधळायला होतं. आता आमची हॉटेलं पार इंदापूरपर्यंत गेलीत. पण सन त्रेपन्न-चोपन्नच्या सुमारास बारामतीच्या बाजाराजवळ, पत्र्याखाली खानावळ उघडली, त्या दुपारचं कोडं काही सुटत नाही.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे कोऱ्हाळ्याचे एक तात्या. भाकरी संपल्यावर मी विचारलं, "आणखी वाढू?"

"नको, नको," म्हणत त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

घरी पाहुण्यानं असं केलं, तर आपण त्याच्या हातावरनंच भाकरी सोडतो. पण हे पाहुणे होते का? चुलीपाशी जाऊन बायकोला विचारलं.

"गिऱ्हाइकाला कुठं आग्रह करत्यात व्हय?" ती म्हणाली.

मग मी वाढलं नाही. तात्या रिकाम्या ताटाकडं बघत बराच वेळ बसले आणि उठून गेले. आता हे कशाला परत येतात, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आले. बसायच्या आधीच म्हणाले, "आज मी नको म्हनलो तरी वाढा."

मी गरम भाकरी घेऊन गेलो. तात्यांनी दोन्ही हातांनी ताट झाकलं. "अवं, नको नको!"

भाकरीचे चटके बसत होते, आणि मी तसाच उभा.